दोन झुरके

झालं एवढंच की एका बाईनं विडी पेटवली. शुक्रवारची सकाळ, शहापूरला हायवेच्या कडेचं स्कॅन सेंटर, आत एसीचा गारवा, बाहेर ऊन, आणि दामिनी काचेच्या दाराशी येऊन पुढच्या माणसाला हाक मारणार इतक्यात तिला पायरीवर ते दोघं दिसले. भातसानगरच्या बाजूनं आलेलं जोडपं. लडकू साठीचा, तपासणी त्याची. बायको हौसा नुसती सोबतीला. लडकूनं खिशातून विडी काढली, माचिस काढली आणि दोन्ही बायकोच्या हातात दिलं, तिच्याकडं न बघता, जशी पिशवी धरायला द्यावी तशी. हौसानं विडी ओठांत धरली, वाऱ्याकडं पाठ केली, काडी ओढली, आणि तिचे गाल आत गेले. एकदा. मग परत एकदा. टोक लाल झालं तशी विडी तिनं नवऱ्याच्या बोटांत सरकवली, मान फिरवली आणि धूर लांब सोडून दिला, कुणाच्या अंगावर जायला नको म्हणून. बस, एवढंच. पण दामिनीचा हात दारावर तसाच राहिला. ते आत गेलेले गाल तिनं लहानपणापासून हजारदा बघितले होते आणि आज पहिल्यांदा बघत होती. ती पायरीवर गेली आणि विचारलं, "मावशी, तुमी पण ओढता?" हौसा हसली. "शी गो, मी कुठं ओढते? बाईमाणूस ना मी." आणि बोलताना तिच्या नाकातून उरलेला धूर येत होता, निवांत, आपल्या घरातून आल्यासारखा.

दामिनीचं काम तुम्हाला सांगायला पाहिजे. दोन महिने त्या सेंटरमध्ये एका संस्थेची मोफत तपासणी चालली होती, छातीचा स्कॅन, कमी किरणांचा. वय पन्नाशीच्या पुढं आणि वीस वर्षं तरी विडी-सिगारेट ओढलेली असली की माणूस बसतो त्यात. काकडीच्या चकत्या कराव्यात तशा छातीच्या चकत्या पडद्यावर येतात, आणि दम लागून माणूस खाटेला टेकायच्या आधी, खोकल्यातून लाल पडायच्या आधी, आत काय चाललंय ते दिसतं. आधी दिसलं तर काहीतरी करता येतं, नंतर दिसलं तर नुसतं बघता येतं, हे तिला शिकवलेल्या सरांचं वाक्य. उद्याचा शनिवार शेवटचा. सोमवारपासून मशीन परत पैसेवाल्यांचं. लडकूला तिनं टेबलावर आडवा केला, हात डोक्यामागं घ्यायला लावले, काचेमागं गेली. मशीनचा हिंदी आवाज ती बंदच ठेवायची, त्याचं ऐकून आपली माणसं उशिरा श्वास घेतात. माईकमधून ती स्वतः सांगायची. "श्वास आत घ्या... धरा..." सात सेकंद. आणि त्या सात सेकंदांत, लडकूनं धरलेल्या श्वासाबरोबर जणू तिचाही अडकला, कारण तिला फणसपाड्याच्या शाळेचा व्हरांडा आठवला, महिन्याभरापूर्वीचा रविवार, ती स्वतः टॅबलेट घेऊन आपल्याच गावात नावं लिहायला बसलेली, समोर पुरुषांची ओळ, आणि त्या ओळीला विडी पेटवून देत फिरणारी तिची आत्या. धोंडीबाई. हातात करवंटी, करवंटीत निखारा. ओळीतला कुणीतरी म्हणाला, "तुझ्या आतेचं पण लिही गो," आणि सगळे हसले, आणि दामिनीपण हसली. हसत हसत तिनं नाव टाकलं, वय एकसष्ट टाकलं, आणि 'ओढता का' ह्या प्रश्नावर न विचारता 'नाही' दाबलं. पडदा लाल झाला. पात्र नाही. आत्या बाजूलाच उभी होती, गाल आत गेलेले.

न विचारता. हे तिला टोचत राहिलं, पायातला काटा चालताना कळावा तसं, प्रत्येक माणसाला टेबलावर चढवताना आणि उतरवताना. बाबांचं तिनं रीतसर विचारलं होतं, कधीपासून, दिवसाला किती, सकाळी उठल्याउठल्या लागते का. बाबा लाजत, वाढवून-कमी करून सांगत होते. बाबांचा स्कॅन तीन आठवड्यांपूर्वी झाला आणि बरा निघाला, थोडी जाड झालेली नळी सोडली तर काही नाही, आणि बाबा, म्हणजे भगीरथ, गावभर सांगत सुटले की मशीन म्हणालं, माणूस लोखंडाचा हाय. आणि ज्या बाईनं तिला वाढवलं तिचं तिनं विचारलंच नाही. आई गेली तेव्हा दामिनी तीन वर्षांची. आत्या तर त्याच्याही आधीपासून घरात, नवऱ्यानं दुसरी केली म्हणून भावाकडं परत आलेली. परत आलेल्या बाईला घरात जागा कुठली, तर चुलीपुढची. आणि चूल तिची, म्हणून विस्तव तिचा, म्हणून विडी पेटवायचं तिच्याकडं. काडीला पैसे पडतात, चूल तर पेटलेलीच असते. ओटीवरून आवाज यायचा, "बाय, पेटवून दे," आणि आत्या चिमट्यानं निखारा उचलायची, आपट्याच्या पानाची घरची विडी ओठांत धरायची, दोन झुरके मारून बाहेर नेऊन द्यायची. आवणीच्या, भात लावायच्या दिवसांत तर बांधावर उभीच. दहा माणसं शेतात, कोपरापर्यंत चिखल, विडीला हात कोण लावणार. आत्या एकेक पेटवायची आणि वाकून सरळ ज्याच्या-त्याच्या ओठांत ठेवायची. आपट्याची विडी हट्टी, नीट ओढून नाही दिली तर चार पावलांत विझते. धोंडीबाईनं पेटवलेली विझत नाय, असं तीन पाड्यांत म्हणायचे. लग्नात मांडवाखाली बसलेले पंच पण हाक मारायचे, धोंडीबायला बोलवा. आत्याच्या अंगावर कधी सोनं नव्हतं, कधी कुणी तिला हळदीकुंकवाला पहिली बसवली नाही, पण विडी पेटवायला बोलावलं की ती पदर खोचून अशी यायची की वाटावं हिच्या हातात काहीतरी आहे. दामिनी तिच्या मांडीवर असायची तेव्हा आत्या धूर तोंडातच धरून ठेवायची, पोरीला लागू नये म्हणून, उठून दारापर्यंत जायची आणि तिथं सोडायची. त्या मांडीचा वास, राख, घाम, आपट्याचं जळकं पान. दामिनीला तो वास मायेचा वाटायचा. अजून वाटतो, हीच तर गोची.

दुपारी डबा खाताना तिनं सारिका मॅडमपुढं विषय काढला. तपासणीचं सगळं मॅडमच बघायच्या.

"दोन झुरके म्हणजे काय ओढणं झालं का, दामिनी? संस्थेला मी काय सांगू?"

"मॅडम, एका विडीचे झुरके किती?"

शेजारी भाविक बसलेला, तिच्याबरोबरचा टेक्निशियन, स्वतः दिवसाला चार सिगारेटी फुंकणारा. तो म्हणाला, "दहा-बारा. मला विचार ना, मी एक्स्पर्ट."

"आपट्याची छोटी असते, आठ-नऊ. आता बघा. बाबांच्या वीस. ओटीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या दहा तरी. दर विडीमागं दोन झुरके, आणि पेटवतानाचे झुरके, मॅडम, सगळ्यात जोराचे. साठ झुरके. म्हणजे सात विड्या. रोज. चाळीस वर्षं. आवणी-कापणीतलं मी धरलंच नाय."

सारिका मॅडमनं चपातीचा तुकडा हातात तसाच धरला. भाविक म्हणाला, "च्यायला, म्हणजे विडी ओढायची दुसऱ्यानं आणि झुरके हिचे. फुकटची पार्टनरशिप."

"गप रे. आणि वर चुलीचा धूर," मॅडम म्हणाल्या. मग तुकडा खाऊन टाकला. "सात विड्या लिही. उद्या दुपारपर्यंत आण. पण ती येईल का?"

हा प्रश्न दामिनीनं स्वतःला विचारलाच नव्हता. हौसा तोवर नवऱ्याला घेऊन निघून गेलेली, पण फॉर्मवर नंबर होता. तिनं हौसाला फोन लावला, उद्या या, तुमचाच स्कॅन करायचाय. पलीकडून नुसतं, "माझा? बया." मग संध्याकाळी वाशिंदच्या आपल्या खोलीवर न जाता ती शहापूरहून मुरबाडकडं जाणाऱ्या इको गाडीत बसली. सापगावचा पूल गेला, किन्हवली गेलं, खिडकीतून भाताच्या कापलेल्या शेतांचा वास येत होता, आणि ती डोक्यात भाषण तयार करत होती. ते भाषण चांगलं होतं. त्यात आकडे होते. ओटीवर पाय ठेवला तेव्हा बाबा विडी ओढत बसलेले आणि आत्या तांदूळ निवडत होती, आणि सगळं भाषण पाण्यात.

"मी? मी कशाला येऊ?" आत्या म्हणाली. "मी काय ओढते? माझ्या भावाला दाखवलंस ना, झालं."

"आते, तू पेटवून देतेस."

"पेटवून देते म्हणजे ओढते का? गावात सांगशील काय, धोंडीबाय विडी ओढते म्हणून? ह्या वयात बट्टा लावतंस मला?"

बाबा हसले. "बायला काय झालंय गो? सकाळी हंडा डोक्यावर आणते. खोकला चुलीचा हाय, चुलीपुढं बसणारीला असतोच. तुला तिकडं गिऱ्हाईक कमी पडलं का?" आणि बोलता बोलता नवी विडी काढून त्यांनी बाजूला धरली, न बघता, आणि आत्या सूप बाजूला ठेवून उठली. गुडघ्यावर हात ठेवून, एक दम खाऊन, मग उठली. दामिनीनं ते उठणं बघितलं. पडद्यावर माणसांच्या छातीत बघायची सवय लागली की माणसांना बाहेरून बघायचं राहून जातं, असं तिला वाटलं. नाही म्हणजे नाही, असं तिनं आत्याला वाटू दिलं. पण मनात तिनं ठरवून टाकलं होतं की उद्या ह्या बाईला मी टेबलावर घेणार, खांद्यावर न्यायला लागली तरी.

सकाळी आत्या लाकडं आणायला निघाली तशी ती मागून निघाली. डोंगराची वाट तिच्या ओळखीची. लहान असताना आत्या तिला वर वाघोबाच्या दगडापर्यंत न्यायची, शेंदूर फासलेला दगड, वाटेच्या पार टोकाला. तिथं आत्या थांबायची, हात जोडायची, डोळे मिटून बराच वेळ उभी राहायची, आणि दामिनी शेजारी चुळबुळत. केवढी भक्ती, वाटायचं. दामिनी कॉलेजला गेली त्या सुमारास आत्या वाघोबाला दगडाच्या खालच्या वळणावरूनच हात जोडायला लागली, देव सगळीकडून दिसतो म्हणून. मग त्याच्या खालचं वळण, तिथं एक मोहाचं झाड, आत्या म्हणायची ह्यात पण काहीतरी हाय. दामिनी तेव्हा वाशिंदला लागलेली, सणाला यायची, असल्या गोष्टी कोण लक्षात ठेवतं. आज चालताना त्या सगळ्या जागा एकामागून एक डोळ्यांपुढं आल्या, वरून खाली उतरत आलेल्या, एका बाईचा देव वर्षावर्षाला खाली उतरत आलेला. आत्याला चालता चालता किती बोलवतं ते बघायला ती मुद्दाम बोलत राहिली, भाविकचे किस्से, पायरीवरची हौसा, खोलीमालकिणीची कटकट. आत्या आधी हां हां करत होती, मग नुसती मान हलवत होती, मग तेही नाही. आणि वाट चढायला लागते तिथं, पहिल्या वळणाच्याही आधी, जिथं नवीन विजेचा खांब टाकलाय, तिथं आत्या थांबली. खांबाला हात टेकवला. मग तोच हात दुसऱ्या हाताला जोडला, डोळे मिटले.

दामिनी उभी राहिली. आत्याच्या मानेजवळचा खळगा आत जात होता, बाहेर येत होता. खांबावर लाल कवटीची पाटी, धोका लिहिलेली.

"आते," ती हळूच म्हणाली, "इथं कुठला देव गो?"

आत्यानं डोळे उघडले नाहीत. खाली कुणाची तरी म्हैस ओरडली. मग ती म्हणाली, "असंल कोणतरी." आणि मग, श्वास आणखी थोडा जमवून, "तुला कवापासून कळलं?"

"आत्ता."

"मला सात वरसं झाली." ती खांबाच्या बुंध्याशी बसली, कोयता मांडीवर. "वाटलं, म्हातारपण. पण भगीरथ माझ्याहून दोन वर्सांनी लहान, तो धावतो. तुझी हौसाबाई की कोण, ती येणारे?"

"येते म्हणाली." म्हणाली नव्हती.

"मग चल. पण फॉर्मावर ओढते असं नको लिवूस."

"तेच लिहावं लागंल, आते. नायतर मशीन घेत नाय."

आत्यानं तिच्याकडं बघितलं. चाळीस वर्षं कुणी तिला विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं, आणि आता ते टॅबलेटवर जाणार. "लिव," ती म्हणाली. "पण पेटवनारी असं पण लिव कुठंतरी."

फॉर्मात तशी जागा नव्हती. शेवटी 'इतर माहिती' असा एक रकाना असतो, जो कुणी भरत नाही. सेंटरवर पोचल्यावर दामिनीनं तो भरला. पडदा हिरवा झाला. हौसा खरंच आली होती, नवं लुगडं नेसून, आणि दोघी बाकड्यावर शेजारी बसल्या, एकमेकींना अजून ओळखत नाहीत अशा.

"तुमी ओढता?" हौसानं विचारलं.

"नाय. तुमी?"

"मी पण नाय."

मग जरा वेळानं हौसा म्हणाली, "आमच्यांना जाड्या पानाची लागते. लय ओढावी लागते पेटायला."

"पानं वल्या फडक्यात ठेवायची, वळायच्या आदी," आत्या म्हणाली. "आनि टोक दाबायचं." काचेतून बघणारा भाविक आत येऊन दामिनीला म्हणाला, "तुझी आत्या तिकडं क्लास घेतेय."

टेबलावर आत्या फार छोटी दिसत होती. तिनं हात डोक्यामागं घेतले तशा बाह्या सरकल्या आणि बाहीखालचा हात उघड्या हातापेक्षा गोरा निघाला. दामिनी काचेमागं गेली. माईकचं बटण दाबलं आणि रोजच्या, कामाच्या आवाजात म्हणाली. "श्वास आत घ्या, आते. धरा." आणि आत्यानं धरला. लोक सात सेकंदांत खोकतात, हलतात, मध्येच सोडतात. आत्या दगडासारखी. दामिनीला कळलं की ती हे कुठं शिकली. पोरीला लागू नये म्हणून धूर धरून दारापर्यंत जायची ती चाल, तेच हे, मांडीवरून दारापर्यंत सातच सेकंद होत असतील. पडद्यावर चकत्या यायला लागल्या. तिनं डोळे पुसले नाहीत, कारण पुसण्यात चकत्या चुकल्या असत्या. वरच्या भागात, दोन्हीकडं, बारीक काळी भोकं. किडीनं आपट्याचं पान खावं तशी, पण कडेकडेनं, सुरुवात केलेली. खाली पान अख्खं. आणि उजवीकडं एक ठिपका, तांदळाच्या कणीएवढा.

डॉक्टर दुपारी आल्या आणि पडद्यासमोर बसून चकत्या वरखाली करत म्हणाल्या, "सुरुवात आहे. भोकं भरत नाहीत, पण धूर थांबला तर वाढायची गती पडते. ठिपका बहुतेक साधा आहे. सहा महिन्यांनी परत बघू, आणि बघायचंच, विसरायचं नाही. चांगल्या वेळेला आली. ओढते किती?"

"दोन झुरके," आत्या स्वतः म्हणाली. डॉक्टरांना काही कळलं नाही. दामिनीनं समजावलं नाही, सहा महिन्यांनंतरची तारीख मात्र फोनात टाकली, आपल्या आणि भाविकच्या. हौसाच्याही छातीत भोकं निघाली, आत्याहून जरा जास्त. दोघींनी जाताना नंबर घेतले, म्हणजे दामिनीनं दोघींच्या वतीनं.

परतताना इकोत आत्या खिडकीला बसली. सापगावच्या पुलावर वारा आला तसा तिनं तोंड बाहेर धरलं आणि पाणी बघितलं. दामिनी परत भाषण तयार करत होती, ह्या वेळी बाबांसाठी. चूल बदलायची, गॅस आहे तो वापरायचा, आणि विडी, बाबा, तुमची तुम्हीच सोडा नायतर ओढा, पण. त्या पण-च्या पुढं काय, ते जुळत नव्हतं. तिला भीती बाबांची नव्हती. भीती ही होती की हाक आली की आत्या उठेल. चाळीस वर्षांचं उठणं आहे ते, आणि त्या उठण्यातच तिची घरातली जागा. ती जागा काढून घ्यायची आणि बदल्यात काय द्यायचं, सहा महिन्यांनंतरची तारीख?

घरी पोचल्या तेव्हा दिवे लागायची वेळ. दामिनीनं बाबांना सगळं सांगितलं, भोकं, ठिपका, धूर. बाबा ऐकत होते, मान हलवत होते, "बायला? ओढतो मी, आनि बायला?" असं दोनदा म्हणाले. चहा झाला. बाहेर अंधारत आलं. आणि मग, विचारात असताना हात खिशात जातो तसा त्यांचा गेला, विडी निघाली, बाजूला धरली गेली, आणि तोंडातून आलं, "बाय, पेटवून दे."

दामिनी उठायला लागली. पण आत्या आधी उठली. गुडघ्यावर हात, एक दम, मग उभी. आत चुलीपाशी गेली, चिमट्यानं निखारा उचलल्याचा आवाज आला. आत्या बाहेर आली. करवंटीत निखारा, लाल, फुललेला, नेहमीसारखा निवडून आणलेला. ती भावासमोर वाकली आणि करवंटी त्यांच्या पायाशी ठेवली. विडी घेतली नाही.

"घे. पेटव."

बाबांनी आधी करवंटीकडं बघितलं, मग तिच्याकडं. मग निखारा विडीला लावला. ओढली, धूर आला, विझली. परत लावली. आपट्याची विडी हट्टी, आणि चाळीस वर्षांत त्यांना ती पेटवायची वेळच आली नव्हती. तिसऱ्यांदा ओढताना त्यांचे गाल आत गेले, आणि आत्या ते बघत उंबऱ्यावर बसली, हात मांडीवर मोकळे, श्वास हळूहळू जमवत.

"विझते गो, बाय."

"विझू दे," आत्या म्हणाली.